पाठमोरं गाणं

मुलचेरा,
१२ जानेवारी १९९९

ती. ताईस,

श्रीपादचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो हल्ली पत्रातच घडतो.

तुझी कंबर कशी आहे? भाओजी अजून तुझ्या रियाजाच्या वेळीच भाजीला जातात का? मलेरियाशी माझी तोंडओळख झाली, संबंध वाढवले नाहीत. अमरकोश पाठ असलेल्या माझ्या गोंडी उच्चारांना पोरं मनसोक्त हसतात.

आता खरी बातमी: आमची शाळा चंद्रपूरच्या समूहगान स्पर्धेत गायली!

निघण्याआधी मुख्याध्यापक माझ्या वर्गातल्या सुकरीबद्दल म्हणाले, "सर, तिचा आवाज घोगरा हाय. तिले नुसते ओठ हलवू द्या." मी वर्गाचं मत घेतलं. तिनेही गावं म्हणून सगळ्यांचे हात वर. एकटी सुकरी हात बांधून. मत आपल्यालाही असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. सांगितल्यावर तिने दोन्ही हात वर केले.

गाणं निवडलं तिच्याच गावचं. ते हात धरून, गोल करून गातात. पोरांनी मंचावरही गोल केला आणि निम्म्यांच्या पाठी परीक्षकांकडे! "तोंडं इकडे करा," परीक्षक ओरडले. सुकरी तिच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मंग तुमीच इथी या ना!"

ताई, त्यातले एक खरंच वर चढले गं!

नंबर आला नाही. पण परतताना बसमध्ये मुख्याध्यापक तेच गाणं मोठ्याने गात होते. आवाज सुकरीपेक्षा घोगरा. नुसते ओठ हलवा, असं मी काही म्हणालो नाही.

तुझा,
श्रीपाद