न दिसणारा रफू

दि. ४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कशासाठी आहे हे तुम्ही पाकीट फोडण्याआधीच ओळखलं असणार, म्हणून कामाचं आधी सांगतो. माझ्या इस्त्रीच्या दुकानात एका लोकरी कोटाची बाही जळाली. कोट निवृत्त मुख्याध्यापकांचा, त्यांच्या दिवंगत पत्नीने घेऊन दिलेला. महिनाअखेर नव्या कोटाचे पैसे दे, नाहीतर दुकान खाली करायला लावीन, असं ते म्हणाले. घरमालक त्यांचा जुना विद्यार्थी, त्यामुळे ते करतीलही. माझ्याजवळ तर भाड्यापुरतेही नाहीत. एवढ्या वेळी पाठवा, पुन्हा मागणार नाही.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया या पत्रापुरती तरी टिकवावी.
आपला भाचा

दि. ९ जून

चि. धांदल्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पुन्हा मागणार नाही, हे तू या वर्षी तिसऱ्यांदा लिहिलंस. आधी दुकानाचं डिपॉझिट, मग इस्त्री, आता बाही. मी शिंपी आहे, बँक नव्हे. तुझी आई गेल्यावर तुला इथे आणलं, हातात सुई दिली, तर सुईचं काम म्हाताऱ्यांचं म्हणून निघून गेलास. लोकरीवर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायची, हे आपल्या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे!

पैसे मिळणार नाहीत. कोट पाठव. मामी म्हणते, पोराला इतकं बोलू नका. मी तिला म्हटलं, मी कुठे बोलतोय, लिहितोय.

जेवण वेळेवर करत जा.
मामा

दि. १८ जून

चि. धांदल्यास,
आशीर्वाद.

कोट परत पाठवत आहे. जळकी कड आत मुडपली आणि कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढून भोक भरलं. सकाळची प्रार्थना झाली की उजेड चांगला असतो, तेवढाच वेळ रोज बसलो. मास्तरांना नम्रपणे दे. तोंड कमी चालव.
मामा

दि. २३ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही माझा घात केलात. मास्तरांनी कोट दारात उजेडात धरला, चष्मा पुसून पुन्हा लावला, बाही उलटीसुलटी चाचपली. भोक सापडेना. मग म्हणाले, हा माझा कोटच नव्हे, कुठून तरी तसलाच आणून मला गंडवतोस. मामांनी रफू केला म्हणून सांगितलं, तर म्हणाले, असा रफू माणूस करतच नाही. आता त्यांना पैसेही नकोत. जळका का होईना, बायकोने दिलेला तो कोट हवा. गल्लीत मी चोर ठरलोय.

थोडं वाईट काम केलं असतंत तर काय बिघडलं असतं?

रागावला असाल तरी उत्तर पाठवावं.
आपला भाचा

दि. २६ जून

चि. धांदल्यास,
आशीर्वाद.

आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या कामाबद्दल बोलणी खाल्ली, तीही तुझ्याकडून. रविवारी दुपारच्या गाडीने येतो. मास्तरांना दुकानात बोलावून ठेव. त्यांच्यासमोर उसवून दाखवतो. गाडीभाड्याचं विचारू नकोस, तुझ्याकडे नाही हे मला माहीत आहे.
मामा

दि. १ जुलै

चि. धांदल्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. परवा मास्तरांपुढे बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

रफू उसवून काळी कड बाहेर आली तेव्हा मास्तर कोट मांडीवर घेऊन बाकावर बसले. मग त्या भोकावरून बोट फिरवत, परत भरेल ना, असं लहान मुलासारखं विचारू लागले. एव्हाना उजेड उतरला होता आणि मला सुईत दोरा ओवता येईना. तू न विचारता माझ्या हातातून सुई घेतलीस आणि भोक भरायला बसलास. मी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर तू खाली ठेवली असतीस.

तुझे दोन धागे जास्त ओढले गेले आहेत. मी सांगणार, तेवढ्यात मास्तरांचं बोट नेमकं तिथे अडलं. ते म्हणाले, आता सापडतंय, हाच माझा. जाईपर्यंत त्यांनी बोट तिथून काढलं नाही. त्या दोन धाग्यांबद्दल तुला रागवायचं ठरवलं होतं, गाडीत बसल्यावर ते राहूनच गेलं. देवाने ते कशासाठी ओढू दिले ते त्याला माहीत.

भाड्यापुरते पैसे तुझ्या उशीखाली ठेवले आहेत. मामीचे आहेत, माझे उपकार मानू नकोस. माझी जुनी सुईही तिथेच आहे, ती मात्र माझी.

पुढे मागायचं तर माग, पण आधी फडकं ओलं कर.
तुझा मामा