पंपावरची लाल खूण

२८ सप्टेंबर १९९५, गुरुवार
बाबांनी रेल्वेची नोकरी सोडून जुनी डिझेल अँबेसेडर घेतली. विद्यानगरच्या गल्लीत उभी असते, खाली डिझेल गळतं. इंजिनला डिझेल देणाऱ्या पंपातून. पुढच्या गुरुवारी एका नव्या कॉम्प्युटर कंपनीची ट्रायल आहे. बेगमपेट एअरपोर्टवरून त्यांचा साहेब उचलायचा. जमलं तर गाडी कंपनीकडे रोजच्या भाड्याने लागली. नाही तर बाबा घरी, गाडी घरी, मी तर आहेच घरी.
अप्पाराव मेकॅनिक बोलला, लक्ष्मणराव, पंप काढला की टायमिंग परत लावावं लागतं, खेळ नाही तो, मी दसऱ्याला गावाला चाललो, आल्यावर बघू. मी बोललो, हौ, जा तुम्ही, मी करतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं. दहावीच्या रिझल्टला पण असंच बघितलं होतं.
ठरवलं. काम होईपर्यंत मस्करी बंद. मागच्या महिन्यात शेजारच्या नामदेवराव काकांच्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये बटाटा घातला होता, स्कूटर चालूच होईना, तो शेवटचा.

३० सप्टेंबर, शनिवार
पंप काढला. उगाच घाबरवतात लोक. पंप थोडा इकडे फिरवला की डिझेल लवकर उडतं, तिकडे फिरवला की उशिरा. जसा निघाला तसा बसवायचा, बस. कंपनीची खूण गंजून गेली होती. म्हणून काढायच्या आधीच एक रेघ पंपावर मारली, एक इंजिनवर, समोरासमोर. ताईच्या लिपस्टिकने. अप्पारावला जन्मात सुचलं नसतं.
राणीगंजला पार्टच्या दुकानात जाऊन पंपाचं गळकं सील बदलून आणलं.
ताईने विचारलं, सारंग, माझी लिपस्टिक कुठंय? मी बोललो, मी लावतो का? ही मस्करी नाही. काम आहे.

१ ऑक्टोबर, रविवार
आज बसवणार होतो. जेवल्यावर झोप आली. पडल्या पडल्या मनात पूर्ण बसवून बघितला. बरोबर बसला.

२ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी पाना उचलला, आईने हातातून काढून घेतला. आज हत्यारांची पूजा, हात लावायचा नाही. पाने, जॅक, पंप, सगळं पाटावर मांडलं. मग रॉकेल घेऊन बसली. पंप घासला, बाहेर जाऊन बॉनेटखाली पण घासलं. मी बोललो, आई, हळू, तिथे माझी खूण आहे. ती बोलली, देवापुढे इतकं काळंकुट्ट ठेवतात का रे, शरम नाही वाटत का?
मग हळद, कुंकू, झेंडू. मी शिरा खाल्ला. दोनदा.

३ ऑक्टोबर, दसरा, संध्याकाळ
जम्मीची, म्हणजे शमीची, पानं वाटून झाली, मग हत्यारं परत मिळाली. पंप चढवला. खूण जागेवर. उलट जास्तच लालभडक. रेघ मारली होती, आता गोल ठिपका दिसतोय. रॉकेलने पसरली असणार. लिपस्टिक चांगल्या कंपनीची आहे, गेली नाही.
ठिपका ठिपक्यासमोर आणला. नट कसले. खूप वेळ स्टार्टर मारला, मग चालू झाली. पांढरा धूर. गल्ली दिसेना. नामदेवराव काका गॅलरीतून खोकत बोलले, काय रे, म्युनिसिपालिटीची मच्छर मारायची गाडी का?
नवीन सील आहे. बसायला वेळ लागतो.

४ ऑक्टोबर, बुधवार
धूर कालच्यापेक्षा जास्त. दोनदा बंद पडली. डिझेलमध्ये भेसळ आहे, सगळ्या शहरात चालू आहे म्हणे. बाबांनी विचारलं, टायमिंग नक्की ना? मी बोललो, खुणेला खूण लावून बसवलंय, तुम्ही आरामात झोपा. त्यांनी पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. मग कॉलरला परत केली.
अप्पाराव आला की त्याला ही लिपस्टिकची आयडिया सांगणार नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळ
स्टार्टर फिरतो, इंजिन घेत नाही. मग बॅटरी पण बसली. काकांनी, मी, दूधवाल्याने गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलली. काही नाही.
बाबा उतरले. मागे गेले, इस्त्रीच्या शर्टातच गुडघ्यावर बसले आणि सायलेन्सरच्या नळीत बोटं घातली. आत फिरवून फिरवून बघितलं. बाही काळी झाली. माझ्याकडे न बघता बोलले, बटाटा कुठंय? काढ, मी रागवत नाही.
मी बोललो, नाही घातला, आईशप्पथ. मी बॉनेट उघडलं, बोललो, हे बघा, खूण तरी बघा, आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. बोट लाल झालं.
आई बोलली, अरे ते कुंकू. मीच लावलं. तुझी ती चिकट लाल घाण पहिलीच पुसली की रॉकेलने.
मग मी बघितलं. बॅटरीवर ठिपका आहे. हॉर्नवर आहे. जॅकवर पण आहे.

संध्याकाळ
कंपनीला दुसरी गाडी मिळाली. कॉलनीच्या एसटीडी बूथवर फोन करून निरोप दिला त्यांनी. ताईला लिपस्टिक दिली, ती शिव्या पण देईना.
बाबा त्याच शर्टात पायरीवर बसले होते. एवढंच बोलले, बटाटा निघाला असता तर बरं झालं असतं रे.
ते आत गेल्यावर मी पण सायलेन्सरच्या नळीत बोटं घालून बघितली.