फवारणीच्या खोलीतले पंखे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, लोखंडी कपाटांच्या कारखान्याचा निवृत्त व्यवस्थापक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. नोकरीत असताना तो कोणी मागितला नव्हता.

१. राहतं घर पत्नीचं. तिच्या हयातीत ते विकण्याची घाई कोणी करू नये.

२. बँकेतल्या ठेवी मुलीच्या. तिने कधी तोंड उघडून मागितलं नाही, म्हणून मीही दिलं नाही. मेहुण्याने नेलेलं ड्रिल मशीन परत मागू नये. त्याने ते मोडलं आहे, मला माहीत आहे.

३. मुलगा आज माझ्याच खुर्चीवर बसतो. त्याला माझ्या टेबलामागची फ्रेम. एका प्रशिक्षणात आम्हा व्यवस्थापकांना विचारलं होतं : कंपनी कोणासाठी असते, क्रम लावा. मी लिहिलं : आधी कामगार, मग गिऱ्हाईक, मग आजूबाजूची वस्ती, शेवटी मालक. टाळ्या पडल्या. मालकांनी खूश होऊन तो कागद फ्रेम करून दिला. मुलगा म्हणतो, "बाबा, कंपनी भागधारकांसाठीच असते. बाकीचं भिंतीवर लावायला." तो निदान तोंडावर बोलतो.

४. त्याच आठवड्यात मी एका हुकमावर सही केली : वीजबचतीसाठी फवारणीच्या खोलीतले, रंगाची वाफ बाहेर ओढणारे पंखे दुपारी दोननंतर बंद ठेवावेत. तिथे कपाटांना रंग मारणारा एक जण सतत शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणत. चार वर्षांत त्याची फुप्फुसं गेली, मग तो गेला. त्याने मास्क घातला नाही, दोष त्याचाच, असं कंपनीने त्याच्या बायकोला कळवलं. ते पत्रही मीच लिहिलं, आणि मजकूर छान जमला म्हणून स्वतःवर खूश झालो होतो. याची मला लाज वाटते. ती बाई अजून कोर्टात खेटे घालते आहे. हुकमाची मूळ प्रत माझ्या कपाटात आहे. मुलाने जाळायला सांगितली, मी जाळली नाही. माझ्या मृत्यूनंतर ती त्या बाईंना द्यावी.

५. माझ्या मागे कंपनीने फुलं पाठवू नयेत. शोकसभेत मालकांना बोलू देऊ नये.

दुरुस्ती : सह्यांआधी हे साक्षीदारांना वाचून दाखवलं. चौथ्या कलमाशी आमच्या कारखान्यातल्या जुन्या फोरमनने हात वर केला.

"म्हणजे साहेब, तुम्ही मरेपर्यंत तिने थांबायचं?"

"पोराची नोकरी जाईल रे."

"शिट्टीचा जीव गेला. आणि तिची तारीख गुरुवारी आहे."

मी उठून कपाटातून ती प्रत काढली.

सबब कलम चार रद्द. ती प्रत आता माझ्या मिळकतीत धरू नये. ती घेऊन फोरमन आणि मी आत्ताच त्या बाईंकडे निघतो आहोत, आणि गुरुवारी मी कोर्टात उभा राहणार आहे. हुकमावरची सही माझीच, हे सांगायला माणूस जिवंत लागतो.

सही : लिहून ठेवणार
साक्षीदार : १. फोरमन (निवृत्त) २. शेजारच्या डॉक्टरीणबाई
स्थळ : माझ्या घराची पुढची खोली
दिनांक : मंगळवार, महिन्याची नऊ तारीख