आबांच्या अंगठ्याचं माप

दि. ४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझी पेटी पोचली आणि त्या दिवसापासून घरात नुसती कटकट चालू आहे. आबांनी चारही कनेक्टिंग रॉड टेबलावर मांडले, तू त्यांच्या भोकांत बसवलेल्या बुशांच्या कड्यांना आतून तेलाचं बोट फिरवलं आणि पिन घालून अंगठ्याने दाबली. अर्ध्यात अडली. चारही अडल्या. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही बुश मीच कातले. मी कारकून माणूस, मला एवढंच कळतं की ती पिन पिस्टनला रॉडशी जोडते. आणि आबांचा कायदा आपल्या दोघांना लहानपणापासून पाठ आहे: पिन अंगठ्याच्या दाबाने गेली पाहिजे, त्याहून सैल नको, त्याहून घट्ट नको, आणि हातोडीला जो हात लावेल त्याने जेवायला येऊ नये.

शेवटी त्यांनी रीमर काढला आणि चारही बुश आतून खरवडून मोठे केले. काम होईपर्यंत पुटपुटत होते की पोरीचा हात बिघडला. बुश मुलीच्या वर्कशॉपमधून येणार म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. आता तेच लोक विचारतात आणि हे तेच उत्तर देतात.

बाकी ठीक. गाडीला रंग लागला, सीटा शिवून आल्या. भंगारातून आणली तेव्हा जिला आपण खुराडं म्हणत होतो ती हीच, हे सांगूनही खरं वाटणार नाही. फक्त आबांची चिडचिड वाढली आहे. औषधाच्या बाटलीचं झाकण, मोरीतला नळ, साखरेची बरणी, हल्ली मेलं सगळंच घट्ट बनवतात म्हणून दिवसभर कारखानदारांचा उद्धार चालतो. तुझी भावजय आता सगळी झाकणं आधीच सैल करून ठेवते.

लोभ आहेच, कामातही थोडं लक्ष असू द्यावं ही विनंती.

तुझा,
बारक्या


दि. ९ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद. आज ते रागातच घे.

माझा हात बिघडला? एकेक बुश मी दोनदा मोजला. मोजून झाल्यावर मायक्रोमीटर बाजूला ठेवला आणि पिन स्वतःच्या अंगठ्याने दाबून पाहिली, कारण मला ज्याने शिकवलं तो मायक्रोमीटरवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. चारही पिना गेल्या. लोण्यात सुरी जावी तशा नाही, जायला हव्यात तशा. इथे पंपांचे जे भाग कोणी हातात घ्यायला धजत नाही ते माझ्या टेबलावर येतात. आणि घरी माझा बाप गल्लीत उभा राहून माझ्या हाताची शोभा करतो.

रीमर फिरवण्याआधी एक पत्र टाकलं असतं तर काही बिघडलं असतं का? एक रॉड पिनेसकट ताबडतोब पाठव. तोवर इंजिन जोडू नका. सैल पिन आधी टकटक वाजते आणि मग एक दिवस आतून सगळं फोडून टाकते. दुसऱ्यांच्या इंजिनांतली तीच टकटक शोधण्यात आबांचा जन्म गेला. त्यांच्या स्वतःच्या गाडीत ती वाजलेली मला चालणार नाही.

तुझ्या खुशालीची काळजी आहे, पण ती पुढच्या पत्रात.

ताई


दि. १७ मार्च

चि. बारक्यास,

रॉड मिळाला. पिन बुशमध्ये धरली तर ती आपल्याच वजनाने खाली पडली आणि घरंगळत यंत्राखाली गेली. ती शोधायला जमिनीवर ओणवी झाले आणि तिथेच मला तुझं पत्र आठवलं. औषधाची बाटली, मोरीतला नळ, साखरेची बरणी. ती झाकणंही मीच कातली का रे?

आबांच्या अंगठ्यातलं बळ गेलं आहे. तुला ठाऊक आहे, तुझ्या बायकोला ठाऊक आहे. घरातली झाकणं सैल करून ठेवायची, आणि माझं काम घट्ट आहे म्हणून मला बोल लावायचे. त्यांचं दुखणं तू सरळ माझ्या माथी मारलंस. वर, कामात लक्ष असू द्यावं म्हणून विनंती करतोस. लाज नाही वाटली?

उरलेले रॉड पाठव. नवे बुश बसवून देते.

ताई


दि. २२ मार्च

ती. ताईस,

सा. न.

हो, ठाऊक आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, मानेतली नस दबली आहे, गेलेली ताकद परत येणार नाही. आता तूच ठरव ते आबांना कसं सांगायचं. लिही तिथून, की आबा, तुमचा अंगठा संपला. त्यांच्या शर्टाची बटणं हल्ली कोण लावतं हे विचारलंस कधी? मी लावतो, आणि बटणांची भोकं लहान शिवली म्हणून ते शिंप्याला शिव्या देतात. मी मान डोलावतो.

मुलीचं काम चुकलं असं वाटतं तोवर ते नुसते चिडतात. चिडून रोज सकाळी गाडीपाशी जातात. आपलाच हात गेला हे कळलं तर ते पुन्हा गॅरेजचं दार उघडणार नाहीत. मला चिडलेला बाप चालतो, भिंतीकडे तोंड करून पडलेला नाही चालत. तू लांब आहेस, तुला एक दोष सोसायला काय जातं? इथे रोज सोसणारा मी आहे.

रॉड पाठवले आहेत. आबांना सांगितलं की ताईने चूक कबूल केली आणि ती पुन्हा करून देते आहे. राग आला तर येऊ दे.

तुझा,
बारक्या


दि. ३० मार्च

चि. बारक्यास,

राग आला. इतका की तुझं पत्र चुरगाळून टाकलं आणि मग उचलून सरळ केलं. बटणांचं मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

बुश करून पाठवते आहे, अगदी मापात. आबांसाठी म्हणून मी केसभरसुद्धा सैल कातणार नाही. तसं करायचं असतं तर त्यांच्याकडून शिकलेच कशाला? पुन्हा अडलं तर खुशाल माझ्या नावाने बोंब मारू दे. रुसवा मी सोसेन, इंजिन सोसणार नाही. म्हणून एवढंच कर, रीमर लपव. आणि त्यांचं लक्ष नसताना पिना कोणाकडून तरी बसवून घे.

हे लिहिताना मला स्वतःचीच चीड येते आहे, हेही तुला कळू दे.

ताई


दि. ७ एप्रिल

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

बुश मिळाले. पिन अडली. रीमर शोधला, तो जागेवर नव्हता. बारक्याने आधी सांगितलं कोणीतरी मागून नेला, मग सांगितलं धार लावायला दिला. खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नाही. मी आवाज चढवला की बघ, हिने पुन्हा तेच केलं. तो जेवणावरून उठून आला, आणि माझं तोंड बंद करायला म्हणून त्याने पिनेवर आपला अंगठा ठेवून दाबला. पिन गेली. हळू, एका चालीने, जशी जायला हवी तशी. कागदांवर शिक्के मारणारा त्याचा अंगठा. मी पिन काढायला लावली आणि पुन्हा स्वतः दाबली. अडली.

मग बारक्याला समोर बसवून सगळं वदवून घेतलं. माझा संताप झाला आहे, तो नीट ऐकून घे. सून झाकणं सैल करते, मुलगा अवजार लपवतो, मुलगी न केलेली चूक अंगावर घेते. तिघांनी मिळून माझं माप काढलं आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला न कळवता माझ्या गाडीच्या पिना बसवायला निघाला होतात. बारक्याला वाटतं मी गॅरेजचं दार उघडणार नाही. दार कडीने उघडतं, त्याला अंगठा लागत नाही, असं त्याला सुनावलं आहे.

चार चांगले बुश मी बिघडवले आणि नाव तुझं घेतलं. त्याचा राग मात्र माझा माझ्यावर आहे. गल्लीत ज्याला ज्याला तुझा हात बिघडला म्हणून सांगितलं होतं, त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन खरं काय ते सांगून आलो.

रजा काढून ये. पिना तू दाबायच्या. मी शेजारी खुर्ची टाकून बसणार आणि घाई केलीस तर ओरडणार.

रीमर सापडला. पिठाच्या डब्यात होता. सुनेने झाकण सैल ठेवलं होतं म्हणून मला उघडता आलं. तो सोबत पाठवतो आहे. माझ्या हाताशी राहिला तर मी पुन्हा फिरवीन, मी मला ओळखतो. यापुढे तो तुझ्याकडेच राहू दे.

अक्षर वाकडं आहे, लावून वाच. बारक्या लिहून देतो म्हणाला, मी दिलं नाही.

माया आहे तेवढीच आहे. रागाचं तू आलीस की बघू.

आबा

ता. क. पार्सलची गाठ मी स्वतः मारली आहे. सैल असेल, जपून उघड.