फ्रेंच मास्तरला दिवाळीची सुट्टी असते का

दीक्षितपुरा, जबलपूर
कार्तिक वद्य सप्तमी, शके १८३२

चिरंजीव श्रीकांत यास श्रीपाददादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. आत्याबाईंचे गुडघे थंडीने पुन्हा धरले हे वाचून वाईट वाटलं. त्यांना म्हणावं, पहाटेचा सडा आता सुनेवर सोपवा, अंगण काही कुठे जात नाही. इकडे मी बरा आहे, आई बरी आहे, तुझी वहिनी बाळंतपणासाठी सागरला माहेरी गेली आहे, तिचंही बरं चाललं आहे. घरात सगळेच इतके बरे असले की पत्र चार ओळींत आटपावं. पण तू एक प्रश्न विचारून बसला आहेस, आणि मी जातीचा मास्तर. प्रश्न विचारला की मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. याच खोडीने माझं काय झालं ते खाली लिहितो.

तू लिहितोस, जबलपुरात छावणीजवळच्या इंग्रजी शाळेत फ्रेंच मास्तरची जागा रिकामी असल्याचं वर्तमानपत्रात वाचलं, अर्ज करावा म्हणतो. तेव्हा दादा, तू तिथेच असतोस, परक्या भाषेच्या मास्तरांना सणावारांची सुट्टी मिळते का तेवढं कळव. श्रीकांत, ती जागा माझी आहे. ती रिकामी झाली हे मला तुझ्याच पत्रातून कळलं. (वर्तमानपत्र मी हल्ली घरात येऊ देत नाही. पोलीस ते कोणतं आहे ते आधी विचारतात आणि मग काहून वाचतो ते विचारतात.) तुझा यात काहीच दोष नाही, शाळेचं नाव मी तुला कधी कळवलंच नव्हतं. मी तुझ्या जागी असतो तर मीही हाच प्रश्न विचारला असता. मी तो नोकरी धरताना विचारला नाही, हीच माझ्यात आणि तुझ्यात तफावत.

आपल्या दोघांना नागपुरात पाद्रीबाबांनी फ्रेंच शिकवलं तेव्हा तुझे वडील म्हणाले होते, या भाषेत ना सरकारी अर्ज लिहिता येत ना सत्यनारायण सांगता येत. पण इथल्या शाळेतली फ्रेंच शिकवणारी मडम रेल्वेतल्या एका गार्डाशी लग्न करून इटारसीला गेली, गोऱ्या मुलांची परीक्षा तोंडावर आली, आणि सगळ्या मध्यप्रांतात त्यांना मीच एक सापडलो. आईने नवस केला होता की श्रीपादला नोकरी लागली तर कार्तिकी पुनवेला भेडाघाटच्या गौरीशंकराला त्याच्याच हातून नारळ वाहीन. नोकरी लागली. आता पुनवेला एक दिवस सुट्टी मिळाली की झालं, असं आम्ही दोघं समजून चाललो.

पहिल्या दिवाळीला मी शाळेतल्या बडेबाबूंकडे, म्हणजे हेडक्लार्ककडे, गेलो. ते म्हणाले, हिंदू सणांची सुट्टी नेटिव्ह नोकरांना, म्हणजे कारकून, माळी, पंखेवाला यांना; तुमचं नाव युरोपियन भाषांच्या खात्यात आहे. मी म्हटलं, ठीक, मग नाताळात घरी राहतो. नाताळ आला तेव्हा हेडमास्तरसाहेबांनी बोलावून गोड शब्दांत सांगितलं की बाकीचे मास्तर ख्रिस्ती असल्यामुळे घरी जाणार, तुम्ही काही ख्रिस्ती नाही, तेव्हा जी मुलं बोर्डिंगात राहिली आहेत त्यांच्यावर तुम्ही लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं. त्यांनी माझ्या पगडीत पुडिंग ठेवलं. (ते पुडिंग सुटीत एकट्या राहिलेल्या पोरांनी ठेवलं होतं म्हणून मी बोललो नाही. त्यांनाही कोणी घरी नेलं नव्हतं.) आमच्या शाळेचे उर्दूचे मुनशी मात्र ईदला घरी, मोहरमला घरी आणि साहेबाचा त्यांच्यावर लोभ म्हणून दिवाळीलाही घरी. दिवाळीत ते आमच्याकडे फराळाला आले. आईने त्यांना चकली वाढली आणि विचारलं, माझा मुलगा कुठे आहे. त्यांनी खाली मान घालून सांगितलं की तो शाळेत आहे.

कार्तिकी पुनवा येत गेल्या आणि आई दरवेळी शेजारच्या बायकांचा टांगा कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभी राहायची. एकदा म्हणाली, "काहून रे श्रीपाद, तुझ्या साहेबाला आई नाही का?" मी म्हटलं, आहे, पण ती विलायतेत आहे आणि तिने भेडाघाटला नवस केलेला नाही. माझ्या या विनोदाला आई हसली नाही. त्यानंतर तिने नारळाचं नावही काढलं नाही. ते मला जास्त लागलं. देवाचं घेतलं आणि दिलं नाही, या विचाराने ती आतून झुरून राहिली होती, आणि घरात काहीही बिनसलं, दूध नासलं की वहिनीला ताप आला, की ती भेडाघाटच्या दिशेला हात जोडायची.

म्हणून यंदा मी नेट धरला. मनाशी म्हटलं, मी हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, मी फ्रेंच आहे असं जर शाळेचं म्हणणं असेल, तर मला फ्रेंचांचा सण तरी द्या. जुलै महिन्याची चौदा तारीख हा फ्रेंचांचा राष्ट्रीय सण. त्या दिवसाची सुट्टी मागायची, ती मिळाली की फ्रेंच सुट्टीच्या बदली पुनव मागायची, असा माझा बेत. अर्ज इतका सुरेख इंग्रजीत लिहिला की बडेबाबूंनी तो हेडमास्तरांकडे नेण्याआधी दोनदा वाचला. साहेबांनी मला बोलावलं. बादशहा नुकतेच वारले होते, साहेबांच्या दंडावर काळी फीत होती. त्यांनी विचारलं, हा सण कशाबद्दल असतो? आता इथे शहाण्या माणसाने म्हणायचं, साहेब, फुलं वाहतात आणि गोडधोड खातात. पण प्रश्न विचारला होता ना. मी सांगितलं की लोकांनी मिळून राजाचा तुरुंग फोडला. साहेबांनी विचारलं, मग? मी सांगितलं, तुरुंगातले कैदी सोडवले. आणि मग राजाचं काय झालं? श्रीकांत, मी तेही सांगितलं. हाताने करून दाखवलं. साहेब फितीवरून हात फिरवत म्हणाले, तुम्ही जाऊ शकता.

दोन दिवसांनी पोलिसांचे दरोगा घरी आले. सध्या चार नेटिव्ह एका ओट्यावर बसले तरी सरकारला बाँब दिसतो, आणि मी तर लेखी अर्ज दिलेला. दरोगासाहेब सभ्य होते. जोडे बाहेर काढून बसले. त्यांनी विचारलं, "पंडितजी, ये बास्तील कौन से थाने में पड़ता है?" मी म्हटलं, पॅरिसमध्ये आणि आता पडूनच गेला आहे. "और ये जो तोड़नेवाले थे, इनसे आपकी मुलाक़ात कहाँ हुई?" मी म्हटलं, ते मरून शंभर वर्षं होऊन गेली. दरोगांनी ते लिहून घेतलं आणि वर विचारलं, "कैसे मरे?" त्याचंही खरं उत्तर मी दिलं, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांचीही मान कापली गेली होती. दरोगांनी दौत बंद केली.

निकाल असा लागला की चौकशी संपेपर्यंत मी शाळेत पाऊल ठेवायचं नाही आणि पोलिसांच्या परवानगीशिवाय शहराची हद्द सोडायची नाही. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की होय, मिळते. मला यंदा नागपंचमीची मिळाली, राखीची मिळाली, पोळा, गणपती, दसरा, दिवाळी, ईद, सगळ्यांची मिळाली. कार्तिकी पुनवेची मिळाली. फक्त भेडाघाट हद्दीच्या बाहेर आहे. परवानगीसाठी मी कोतवालीत तीन खेपा घातल्या, तर तिथले कारकून म्हणाले की मेळ्यात लाखभर लोक जमतात आणि आपलं तर जमावाशी जुनं नातं आहे.

माझ्यावर नजर ठेवायला बलीराम नावाचा शिपाई नेमला आहे. रीवा बाजूचा, पन्नाशीचा, साध्या कपड्यात समोरच्या ओट्यावर बसतो. (आईला मी सांगितलं आहे की शाळेने आपल्या मदतीला चपराशी दिला. ती त्याला विहिरीचं पाणी भरायला लावते. तो भरतो.) पुनवेच्या सकाळी आई नेसून, नारळ हातात घेऊन तयार झाली, तेव्हा मला तिला सांगणं भाग पडलं की साहेबाने सुट्टीतही शहर सोडू नको म्हटलं आहे, मला काही येता येत नाही. ती खाली बसली. नारळ मांडीवर तसाच. बलीरामने ओट्यावरून हे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "आप तो जा नहीं सकते पंडितजी। माताजी को मैं ले जाता हूँ।" मी म्हटलं, आणि माझ्यावर नजर कोण ठेवणार? तो म्हणाला, "आज आप ही रख लो।"

मग मी दिवसभर स्वतःवर नजर ठेवली. परसाकडे जातानासुद्धा सांभाळून गेलो. आई दिवेलागणीला परतली ती पाच वर्षांनी लहान होऊन. बलीरामने तिला टांग्यातून उतरवलं, गर्दीतून देवळापर्यंत पाठीवर घेऊन पायऱ्या चढवल्या, धुवाँधार धबधब्याजवळ तिच्या डोक्यावर छत्री धरली. गाभाऱ्यात पुजाऱ्याने विचारलं, नारळ मुलाच्या हातून आहे ना, मुलगा कुठे? मागे लोटालोटी चाललेली. आईने बलीरामकडे बोट दाखवलं. त्याने नारळ वाहिला. "देवाला काय कळत नाही होय रे," आई मला म्हणाली, "पण आता माझ्यावर बोजा नाही." मी तिला पाणी दिलं आणि आत जाऊन उगाच दिव्याची काच पुसत बसलो.

देवाला मात्र कळलं नाही, असं मला वाटतं. परवा बलीरामला हवालदारी मिळाली, आणि काल तुझं पत्र आलं.

असो. प्रकृतीस जपावे. आत्याबाईंना माझा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा,
श्रीपाददादा

ता. क. : तुझ्या अमरावतीच्या शाळेत संस्कृत शिकवायला कोणी हवं असेल तर हेडमास्तरांच्या कानावर घाल. ती भाषा निदान सुट्ट्यांपुरती तरी अजून परकी धरत नाहीत. मी मागच्या बाकावर बसून ती मुलांबरोबर शिकायलाही तयार आहे. फ्रेंच येतं म्हणून मात्र सांगू नकोस.

आणखी ता. क. : तू इथे अर्ज केलास तर मला राग नाही, हे मनापासून लिहितो. हे लिहीत असता आई येऊन विचारून गेली की पत्र कोणाला. तुझं नाव आणि तुझा विचार सांगितला. नोकरी गेल्याचं तिला सांगितलेलं नाही, शाळेला यंदा सुट्टी मोठी आहे एवढंच तिला ठाऊक आहे. ती म्हणते, श्रीकांतला लिही, डोळे झाकून धर ही नोकरी. इतके दिवस मुलाला आईजवळ राहू देणारा साहेब दुसरीकडे मिळायचा नाही.