तुझ्या हातची थंडाई

कोल्हापूर,
दिवाळीनंतरचा सोमवार, २००५

प्रिय सन्मती,

'प्रिय' एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. तुझी सोनूमावशी आतून म्हणाली, "लिवायचं असंल तर लिवा, न्हायतर कागद कशाला नासवताय?" म्हणून पुन्हा बसलोय. फोन करता आला असता. पण फोनवर तू "हां वस्ताद, बरं वस्ताद" करतोस, मागून कुणीतरी तुला 'सर' म्हणून हाक मारतं आणि आपलं बोलणं तिथंच संपतं. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही, एवढं बरं आहे.

आधी इकडची खबर घे. यंदा पुराचं पाणी आपल्या तालमीत शिरलं. आखाड्याची तांबडी माती गेली ती गेलीच. नवी आणली, ताक, लिंबू, हळद, तेल घालून पोरांनी मळली, पण अजून ती जुन्या मातीसारखी अंगाला बसत नाही. वस्तीतल्या लोकांनी मिळून पत्रे बदलून दिले. विहाराच्या भिंतीला लागून तुझी झोपायची खोली होती ना, ती पडली. तिथं आता पोरं सायकली लावतात. माझा गुडघा दुखतो, पण तो तू यायच्या आधीपासून दुखतोय, त्यात नवीन काही नाही.

तुझे आप्पा तुला हातकणंगल्याहून एसटीनं घेऊन आले, तेव्हा तुझ्या मिसरुडाचा पत्ता नव्हता. आप्पांनी माझी कुस्ती कुठल्याशा जत्रेत बघितलेली. पोराला शिकवायचं तर ह्याच माणसानं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बौद्ध वस्तीतल्या तालमीत पोरगं ठेवतोय म्हणून तुमच्या जैन भावकीनं नाकं मुरडली, तरी ते हलले नाहीत. इकडं तालमीतही कमी हसू झालं नाही. आकाराम तेव्हा आपला पहिल्या नंबरचा पैलवान. तो म्हणाला, "वस्ताद, अंडं न्हाय, मटण न्हाय, कांदा न्हाय, दिस मावळला की जेवाण न्हाय. ह्यो काय हवा खाऊन लढणार व्हय?" मी त्याला म्हटलं, "म्हस काय खाती रं? जा, उचलून दाव तिला." पोरं हसली, तूही हसलास. तालमीत आल्यापासून तू पहिल्यांदा हसलास तो तेव्हाच.

मग मी तुला थंडाईवर वाढवला. बदाम, खसखस, बडीशेप, मगजबी, मिरी, सगळं कुंडीत घोटायचं, म्हशीचं निरसं दूध घालायचं. मध कुणी घालू म्हटलं तरी तुझ्या पेल्यात घालू दिला नाही. तुझी थंडाई दिवसाउजेडी घोटून व्हायची. बाकीची पोरं रात्री जेवायची आणि तू संध्याकाळी एकटाच ताट पुढं घेऊन बसायचास, ते मला बघवेना, म्हणून मीही सूर्य बुडायच्या आत जेवायला लागलो. तुझी मावशी दोन वेळा चूल पेटवायची आणि दोन्ही वेळा माझ्या नावानं बोटं मोडायची. आता तू जाऊन वर्षं झाली, तरी मला रात्री घास उतरत नाही.

आणि ते अंडं. आकारामनं चेष्टा म्हणून तुझ्या दुधात कच्चं अंडं फेटून घातलं. तू पेला रिकामा केलास आणि मग पोरं खिदळायला लागली. तू रडला नाहीस, ओरडला नाहीस, मोरीत जाऊन घशात बोटं घातलीस आणि दुसरा सगळा दिवस पाण्यावर काढलास. पंधरवड्यावर मोठं मैदान आलं होतं. आकारामशिवाय आपल्या तालमीला कुणी विचारणार नाही, हे मला माहीत होतं. तरी त्याची वळकटी मी रस्त्यावर टाकली. तो दारात उभा राहून म्हणाला, "एका अंड्यापायी मला हाकलता व्हय वस्ताद?" मी म्हटलं, "अंड्यापायी न्हाय. त्यो तुझ्या हाताकडं न बघता पिला, त्यापायी." त्या वर्षी आपण मैदान हरलो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

ही आपल्या लोकांची रीत आहे, सन्मती. कुस्तीआधी पैलवान परक्याच्या हातचं पाणी पीत नाही. पण आपल्या माणसानं पेला पुढं केला तर त्यात डोकावूनही बघत नाही. ज्याला बघावं लागतं, त्याच्या जोडीला आपलं माणूस नाही, असं आपण म्हणतो.

पुढं तू मैदानं मारलीस, गदा आणलीस, मग गुडघ्यानं घात केला. तू अंथरुणात पडून छताकडं बघायचास. त्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, हे विसरू नकोस. ताकदीचं पेय बाटलीत भरून विकणार, आणि त्याची चव तपासायला पैलवान पाहिजेत, असं तू सांगितलंस. मी म्हटलं, ये की घेऊन. तुमच्या कंपनीची, पुण्याची ती श्रुतीबाई पांढरा डगला घालून तालमीत आली, कागदी पेल्यांवर नुसते आकडे टाकून तिनं ते ओळीनं मांडले, आणि आपले रेडे मुलगी बघायला गेल्यासारखे मांडी घालून बसले. एक घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा, कोमट पाण्यानं चूळ भरायची, फिक्या पावाचा तुकडा खायचा, मग पुढचा पेला. मी म्हटलं, बाई, तोंडात घेतलेलं टाकायची आम्हाला सवय नाही. मी सगळं गिळलं आणि दिवसभर माझं काळीज पायरीवरून गडगडल्यासारखं धावत होतं.

पण खरं सांगतो, मला मजा आली. एक पेय खोकल्याच्या औषधासारखं, एकाला नुसता बॅटरीच्या पाण्याचा वास. आणि ज्याच्यावर तुमची सगळी भिस्त होती, ते बदामाचं, ते प्यायल्यावर मागं जिभेवर जुनं चाराण्याचं नाणं ठेवल्यासारखं वाटायचं. मी ते सांगितलं तेव्हा श्रुतीबाई टाळी वाजवून म्हणाली, बरोबर, त्यातल्या ताकदीच्या पावडरीची चव आहे ती, कुणाला शब्दात सांगता येत नव्हती. नंतर तू दर महिन्याला नमुने आणायला लागलास. बदामाचा अर्क वाढवला, साखर वाढवली, केशराचा रंग घातला. मी दर वेळी म्हणायचो, नाणं अजून हाय. तू कपाळाला हात लावायचास. वस्तादांच्या जिभेला हे फसवू शकलं की आपण जिंकलो, असं तू हसत म्हणायचास. मला ती चेष्टा वाटायची.

यंदाच्या गुरुपौर्णिमेला तू आलास. झब्बा-पायजमा, कपाळाला तांबडी माती. हातात माझाच पितळी पेला, तू तो आतून मावशीकडून मागून घेतला होतास. म्हणालास, "वस्ताद, आज नमुना न्हाय. आज माझ्या हातानं थंडाई घोटलीया." बरोबर दोघं कॅमेरेवाले होते, केबलवर गुरुपौर्णिमेची बातमी दाखवणार म्हणून. मी पेला तोंडाला लावला.

आता नीट वाच. पहिल्याच घोटाला मला कळलं. नाणं तिथंच होतं. कितीही अर्क ओता, मला ते कळणारच. तुला अजून वाटत असेल की म्हाताऱ्याची जीभ फसली. फसली नाही. पण पुढं तू उभा होतास, आजूबाजूला वस्ती जमली होती, आणि मी क्षणात मनाशी म्हटलं, पोराला वेळ झाला नसेल, कुंडी घरात नसेल, बाटलीतलं ओतलं असेल बिचाऱ्यानं. चारचौघांत शिष्याच्या थंडाईला नाव ठेवणारा वस्ताद मी नव्हे. मी पेला एका दमात संपवला आणि मिशी पुसून म्हणालो, "ह्याला म्हणत्यात थंडाई! माझ्या तालमीची चव हाय ही. प्या की सगळी!" तू माझ्या पायावर डोकं ठेवलंस. मी तुला उठवून छातीशी धरलं. तेही त्यांनी टिपलं असणार.

दसऱ्याच्या आधी ते केबलवर आलं. मी पितो, मिशी पुसतो, बोलतो, आणि मग तू हातात बाटली घेऊन पुढं येतोस. खाली अक्षरं, "सारं आयुष्य थंडाई प्यायलेल्या वस्तादांनाही फरक कळला नाही!" चौकात फलक लागला, त्यावर माझा उघड्या तोंडाचा फोटो. पानाच्या गादीवर लोक मला जीभ दाखवायला सांगतात. ते मी सोसतो, कोल्हापूरचं माणूस चेष्टेनं मरत नाही. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "जाहिरात असती ती वस्ताद, मनावर घ्यायची न्हाय. लोकं काय खरं मानत्यात व्हय?"

मानतात. बाजारात भाजी विकणारी चिमणाबाई, तिचा जोतीराम आपल्याकडं मेहनत करतो. तिनं दुधाचा रतीब बंद केला आणि त्या बाटल्या घ्यायला लागली. जोतीराम मेहनतीआधी दोन-दोन रिचवायचा. एक दिवस जोर मारता मारता त्याचे हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली आणि तो आखाड्यातच ओकला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण ते पेय बंद करा. चिमणाबाई मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी टीवीत म्हणलासा, म्हणून दिलं की वस्ताद." माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या शब्दावर कुणाचं पोर आजारी पडलं नव्हतं.

आणि परवा आकाराम भेटला. केस पिकलेत, दुधाच्या गाडीवर आहे. त्यानं चेष्टा केली नाही. चहा पाजला. मग बशीत बघत म्हणाला, "मला हाकललंत त्येचं मी कवाच सोडलं, वस्ताद. पर एक सांगा, आता सन्मतीला काय करणार?" मी चहा तसाच ठेवून उठलो. सन्मती, तुझ्या तोंडात काय जातंय याची मी इतकी वर्षं राखण केली, तुझा धर्म माझा नसताना केली. आणि माझ्या तोंडात काय घालायचं हे तू कंपनीच्या माणसांबरोबर बसून ठरवलंस. पेला माझाच मागून घेतलास, हे तर मला झोपेतही आठवतं. तू पैसे मागितले असतेस, कंपनीसाठी खोटं बोला म्हणाला असतास, तर मी शिव्या दिल्या असत्या आणि कदाचित बोललोही असतो. तू विचारलं नाहीस. मला दगा दिलास, दुसरा शब्द मला सापडत नाही.

तुझ्या मुलीच्या बारशाची पत्रिका मिळाली. खाली सूनबाईनं, भाग्यश्रीनं, स्वतःच्या हातानं लिहिलंय, "वस्तादमामा, तुम्ही आल्याशिवाय बाळाचं नाव ठेवणार नाही." त्यासाठीच हे पत्र. मी येणार नाही. रुसलो म्हणून नाही, ऐक. तुझी आई, पद्मावतीवहिनी, तुला तालमीत सोडल्यावर पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा सोनूनं पाण्याचा तांब्या पुढं केला होता. त्या काळात तुमच्यातली माणसं आमच्या घरचं पाणी सहसा घेत नसत. वहिनींचा हात तांब्यापाशी थांबला. अगदी थोडा. मग त्या पाणी प्याल्या, पुन्हा मागून प्याल्या, आणि त्यानंतर मरेपर्यंत आमच्याकडं सणाला जेवल्या. त्या बाईला मी अजून मनात हात जोडतो. पण तो थांबलेला हात सोनूनं बघितला होता, आणि त्या दिवशी ती मोरीत किती वेळ तोच तांब्या घासत बसली होती, ते मी बघितलंय. आता मी तुझ्या दारात आलो की भाग्यश्री पाणी घेऊन पुढं येईल. त्या पोरीचा काही दोष नाही. पण तुझ्या घरातल्या पाण्यापाशी माझा हात थांबणार, आणि तो तिला दिसणार. तेवढं मला तिच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही. बाळाचं नाव ठेवून घ्या.

अजून तरी तुझाच,
अण्णासो वस्ताद