मुंगीला बोलतं करताना

६ जून, शनिवार
आज मुंगीचं नाव नृत्य-नाट्य वर्गात घातलं. दर शनिवारी दहा ते बारा. सध्या शनिवार माझा, बाकीचे सहा दिवस तिच्या आईचे. पक्कं काय ते कोर्टात ठरेल. वकील म्हणाले, मुलगी आठ वर्षांची आहे, समुपदेशक बाई तिलाच विचारतील, कुणाकडे राहायचंय. इथेच घोळ आहे. मुंगी बोलते कुठे? फार तर मान हलवते. तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊकच आहे. अडलंय फक्त आवाजापाशी.

७ जून
वर्गाचं माहितीपत्रक तीनदा वाचलं. मुलांना होणारे फायदे: आत्मविश्वास, स्पष्ट उच्चार, सभाधीटपणा, भावना मोकळेपणाने मांडणं. चारही आपल्या उपयोगाचे.
संकल्प: शनिवारी कामाचे कॉल बंद. वर्गाला पाच मिनिटं आधी हजर. मुंगीसमोर तिच्या आईबद्दल वाकडा शब्द नाही.

१३ जून, शनिवार
पोचायला पावणेअकरा. इलाज नव्हता. दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत स्ट्रेचरवर म्हातारे गृहस्थ. लिफ्ट मेकॅनिकने अशा वेळी फोन बंद ठेवायचा म्हणजे माणुसकी सोडायची. मुंगी बूट घालून जिन्यात बसली होती. साडेनऊपासून, असं तिची आई म्हणाली. मग दार लावून घेतलं, आणि तिचं दार लावणं मला चांगलं ओळखीचं आहे.
गाडीत मी आईबद्दल वाकडा शब्द काढला नाही. काही लोकांना शनिवारी काम नसतं, एवढंच म्हणालो.

२० जून, शनिवार
वेळेवर! (सात मिनिटं उशीर, पण बाकीचेही चपला काढतच होते.)
वर्गाच्या ताईंनी पालकांना आत बोलावलं. मुलासमोर बसायचं, दोन मिनिटं नुसतं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. शेजारच्या बाईंचे डोळे लगेच भरून आले. काहींना नाटक अंगातच असतं. माझा फोन चाळिसाव्या सेकंदाला वाजला. एका लिफ्टचं कंट्रोल पॅनल जळालं होतं, उठावंच लागलं. नंतर ताई म्हणाल्या, मुंगी पूर्ण दोन मिनिटं माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली होती.
एकाग्रता वाढतेय. हा फायदा माहितीपत्रकात नव्हता.

४ जुलै, शनिवार
नाटकात मुंगीला वाऱ्याचं काम दिलंय. एकही वाक्य नाही! ताईंना स्पष्ट सांगितलं, हिला संवाद द्या, आम्हाला गरज आहे. ताई म्हणाल्या, वारा झाल्यापासून ती हसायला लागलीय, राहू दे. मी म्हटलं, हसून कोर्टात काय होणार? म्हणजे मनात म्हटलं.
परत येताना मुंगी आपणहून बोलली. वारा कसा व्हायचा ते सांगत होती, चांगली चार-पाच वाक्यं. नेमकं काय सांगितलं ते लिहिलं असतं, पण त्याच वेळी साहेबांचा फोन चालू होता.

११ जुलै, शनिवार
ताईंवर विसंबून चालणार नाही. मीच एका कागदावर संवाद लिहून दिला: "मला बाबांबरोबर आवडतं. बाबा मला खूप वेळ देतात. मला त्यांच्याकडेच राहायचंय." नाटकाचा सराव म्हणून पाठ कर, असं सांगितलं. याला पढवणं म्हणत नाहीत. जे आहे तेच तर लिहिलंय.
"वेळ"ला अडखळते. ळ कठीण असतो मुलांना.

१८ जुलै, शनिवार
आज जाता आलं नाही. एकाच दिवशी दोन इमारतींच्या लिफ्ट बंद. तिची आई घेऊन गेली.
दुपारी ताईंचा फोन. मुंगीने तो कागद वर्गात नेला होता आणि ताईंना विचारलं, हे कुणाचं बोलणं आहे, माझं की बाबांचं? ताई म्हणाल्या, तिला काय वाटतं ते तुम्ही कधी विचारलंत का? मी म्हटलं, पोटच्या पोरीचं मन बापाला विचारून घ्यावं लागत नाही. त्यांनी फोन ठेवला. पटलं असणार.

२५ जुलै, शनिवार
नाटकाचा प्रयोग. शेवटची चार मिनिटं मिळाली. ग्रीसने भरलेल्या कपड्यांत मागे दाराशी उभा राहिलो. मुंगी झाडं झालेल्या मुलांमधून हात पसरून धावली आणि मधोमध थांबली. म्हणाली, "मी दिसत नाही, पण मी आलेली सगळ्यांना कळते." वाक्य तिनेच जोडलंय म्हणे. खणखणीत! दारापर्यंत ऐकू आलं. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. आता कोर्टाची काळजी मिटली.

५ ऑगस्ट, बुधवार
कोर्टात अर्धा तास आधी पोचलो. इस्त्रीचा शर्ट.
समुपदेशक बाईंनी आधी मुंगीला एकटीला आत घेतलं. मग आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाल्या, तिला तुम्हाला स्वतःच सांगायचंय.
मुंगी उठून उभी राहिली. हातात कागद नव्हता. म्हणाली, "मला आईकडे राहायचंय. बाबा मला आवडतात. पण त्यांची वाट बघताना माझ्या पोटात दुखतं."
एकाही शब्दाला अडखळली नाही.
तिची आई खाली बघत होती. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर शोधला, सापडला नाही. बाईंनी मला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? आठवडाभर खपून बोलणं तयार केलं होतं. नाही म्हणालो.
बाहेर पॅसेजमध्ये मुंगी धावत आली आणि माझी बाही ओढली. बाबा, मी नीट बोलले ना?
एकदम नीट, म्हणालो.
सगळं ऐकू आलं?
हो, म्हणालो. सगळं.